हार्डडिस्क लावली की प्लेअर रिस्टार्ट का होतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. खिशात मावणारा मीडिया प्लेअर आहे, त्याला मायक्रो यूएसबी पोर्ट आहे. ओटीजी केबलने (प्लेअरलाच पेनड्राइव्हसारखं यंत्र जोडू देणाऱ्या केबलने) पेनड्राइव्ह लावला की गाणी दिसतात, वाजतातही. त्याच केबलने १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क लावली की तिचा दिवा लुकलुकतो, आतून टकटक ऐकू येते, मग कधी काहीच होत नाही तर कधी प्लेअरच रिस्टार्ट होतो. केबल दोनदा बदलून झाली. आता एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा हब घ्यावा का, आणि घेतला तर त्यावर डिस्कसोबत कीबोर्ड आणि बाहेरचा डॅकही (डिजिटल गाण्याचा ऐकता येणारा आवाज करणारं यंत्र) चालेल का, हे तुम्हाला हवंय.

आधी एक विनंती: केबल तिसऱ्यांदा बदलू नका. पेनड्राइव्ह चालतो, या तुमच्या एका वाक्याने निम्मं निदान झालंय. प्लेअर होस्ट, म्हणजे जोडलेल्या यंत्राचा यजमान, होऊ शकतो, केबल खरोखर ओटीजी आहे, पोर्टमधून ५ व्होल्ट बाहेर पडतात आणि बाहेरच्या स्टोरेजवरच्या फाइली वाचण्याची सोय फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, एवढं सगळं त्यातून सिद्ध होतं. अडतंय ते विजेपाशी. वीज मिळाल्यावर कदाचित फॉरमॅटपाशी अडेल, पण ते नंतर बघू.

मी बरीच वर्षं असे प्लेअर उघडतो, दुरुस्त करतो, काहींच्या फर्मवेअरशीही झटापट केली आहे. ‘डिस्क ओळखत नाही’ अशी तक्रार आली की मी एकाच क्रमाने चालतो. होस्ट कोण, वीज कोण देतंय, जोडलेलं यंत्र कोणत्या जातीचं आहे, आणि त्यावरचा मजकूर प्लेअरला वाचता येतो का. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर वेळ घालवण्यात अर्थ नसतो. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात, म्हणजे डिस्क फॉरमॅट करून टाकतात, आणि डेटा गेल्यावर कळतं की वीजच कमी पडत होती.

होस्टचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचं तिथे अडलेलं नाही. पण ज्यांचा पेनड्राइव्हसुद्धा दिसत नाही त्यांना उपयोगी पडेल. यूएसबी १९९६ साली आलं तेव्हा मधोमध कॉम्प्युटर आणि भोवती बाकीची यंत्रं अशीच त्याची मांडणी होती. दोन टोकं समान नसतात. एक यजमान, दुसरा पाहुणा. यजमानाने विचारल्याशिवाय पाहुणा बोलत नाही, आणि पाहुण्याच्या जेवणाची, म्हणजे विजेची सोयही यजमानाकडे. मीडिया प्लेअर जन्माने पाहुणा. कॉम्प्युटरला जोडायचा, गाणी भरायची, काढायचा. त्याला प्रसंगी यजमान होता यावं म्हणून २००१ च्या डिसेंबरात ऑन-द-गो, म्हणजे ओटीजीची पुरवणी निघाली. २००४-०५ च्या सुमाराला आयरिव्हर एच३४० किंवा कोवॉनचा आयऑडिओ एक्स५ यांसारख्या हार्डडिस्कवाल्या प्लेअरमध्ये ही सोय दिसू लागली. तेव्हा तिचा मुख्य उपयोग उलटा होता. कॅमेऱ्यांची कार्डं लहान असत, ती भरली की कॅमेरा प्लेअरला जोडायचा आणि फोटो प्लेअरच्या डिस्कवर ओतायचे.

मायक्रो यूएसबीच्या प्लगमध्ये पाच पिना असतात. चौथी आयडी पिन. साध्या केबलमध्ये ती मोकळी असते, ओटीजी केबलमध्ये ती पाचव्या, म्हणजे ग्राउंडच्या पिनेला जोडलेली असते. एवढाच काय तो फरक. ती ग्राउंडला टेकलेली दिसली की प्लेअर समजतो, आज यजमान आपण. टाइप-सी पोर्टमध्ये हेच काम सीसी पिन करते. ओटीजी अडॅप्टरमध्ये सीसीवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. दोन प्लेअर किंवा दोन फोन सी-टू-सी केबलने एकमेकांना जोडले तर दोघंही दोन्ही भूमिका करू शकतात, आणि यजमान कोण होणार हे पुष्कळदा नशिबावर ठरतं. केबल काढून परत घातली की भूमिका बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

ज्या प्लेअरच्या चिपमध्ये होस्ट होण्याची सोयच नाही, त्याला कोणतीही केबल यजमान करू शकत नाही. इथे एक गोंधळ वारंवार होतो. खोक्यावर ‘यूएसबी डॅक’ असं छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं की बाहेरचा डॅक लावता येईल. अर्थ नेमका उलटा असतो. प्लेअर कॉम्प्युटरला जोडला तर तो कॉम्प्युटरसाठी डॅकचं काम करतो, म्हणजे पाहुणाच राहतो. तुम्हाला ‘ओटीजी’, ‘यूएसबी होस्ट’ किंवा ‘यूएसबी डिजिटल आउटपुट’ हे शब्द शोधायचे आहेत.

आता विजेकडे येऊ.

यूएसबी २.० चा पूर्ण क्षमतेचा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. हे कॉम्प्युटरचं झालं. ओटीजीवाल्या यंत्रावर मात्र किमान ८ मिलिअँपिअर देण्याचीच सक्ती ठेवली होती. वाचताना चूक झाली नाही तुमची, आठच. बॅटरीवर चालणाऱ्या चिमुकल्या यंत्रावर ओझं नको हा हेतू. प्रत्यक्षात बनवणारे त्याहून बरंच जास्त देतात, कोणी १००, कोणी २००, कोणी ५००. म्हणजे ‘ओटीजी आहे’ एवढ्यावरून किती वीज मिळेल ते कळत नाही. मॅन्युअलमध्ये आकडा असला तर नशीब, नाहीतर मोजायचा.

तुमच्या डिस्कची भूक किती? २.५ इंची डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे अँपिअरचा आकडा असतो. मला तो बहुधा ०.५ ते १ च्या दरम्यान दिसतो. हा सगळ्यात वाईट क्षणाचा आकडा, आणि तो क्षण म्हणजे चकती थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हाचा. एकदा वेग पकडला की भूक निम्म्यावर येते. पण ते पहिले काही सेकंद निभावले नाहीत तर पुढचा प्रश्नच येत नाही. तुम्ही ऐकता ती टकटक त्याच सेकंदांची असावी. मोटर वेग घेते, व्होल्टेज पडतं, डिस्क माघार घेऊन हेड जागेवर ठेवते, पुन्हा प्रयत्न करते. हे फार वेळ चालू देऊ नका. डिस्क आधीच बिघडलेली असली तरी आवाज असाच येतो, म्हणून ती एकदा कॉम्प्युटरला लावून नीट चालते ना, याची खात्री करा.

आता तुम्ही दोन लक्षणं सांगितलीत, ‘काहीच होत नाही’ आणि ‘प्लेअर रिस्टार्ट होतो’. ही एकाच दुखण्याची दोन रूपं वाटतात, पण आत वेगळं घडत असतं.

काहीच होत नाही तेव्हा प्लेअरच्या पोर्टमागचा पॉवर स्विच आपलं काम करतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर प्रवाह गेला की तो पुरवठा तोडतो, थोड्या वेळाने परत जोडून पाहतो. दिवा लुकलुकतो तो यामुळे. हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण. प्लेअर स्वतःला सांभाळतोय.

रिस्टार्ट होतो तेव्हा हा स्विच मर्यादा घालत नाही, किंवा मर्यादा सैल आहे, आणि मार थेट बॅटरीला बसतो. हिशोब करून बघा. लिथियमची बॅटरी ३.७ व्होल्टची, पोर्टला हवेत ५ व्होल्ट, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारं बूस्टर सर्किट असतं. डिस्कने ०.९ अँपिअर मागितले तर ४.५ वॅट झाले. बूस्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीला साधारण ५.३ वॅट द्यावे लागतात, म्हणजे ३.७ व्होल्टला सुमारे १.४ अँपिअर. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.३ ओहम असला तर तेवढ्याने ०.४ व्होल्टची घसरण आतच होते. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर ३.६ चे ३.२ होतात. प्रोसेसरला पुरवठा कमी पडतो आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरीत चार्ज नसतो असं नाही, तेवढ्या झटक्यात तो देता येत नाही.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. प्लेअर पूर्ण चार्ज करा, स्क्रीनचा प्रकाश कमी करा, वाय-फाय आणि ब्लूटूथ असेल तर बंद करा, आणि मग डिस्क लावून बघा. रिस्टार्ट होणं थांबलं तर दोष बॅटरीच्या बाजूचा. काहीच बदललं नाही, नुसती टकटक राहिली, तर मर्यादा पोर्टच्या स्विचची आहे आणि बॅटरी बदलूनही फरक पडणार नाही. मध्ये लावायचा यूएसबी मीटर मिळाला तर फारच छान. त्यावर डिस्क सुरू होताना व्होल्टेज ४.४ च्या खाली जाताना दिसलं की वाद मिटला. साधे मीटर हळू असतात, क्षणभराचा खड्डा त्यांना दिसत नाही, तेव्हा मीटरवर ४.८ दिसतंय म्हणून वीज पुरेशी आहे असं लगेच मानू नका.

केबलचा दोष अगदीच नसतो असं मी म्हणणार नाही. २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.२ ओहम असतो, आणि वीज जाते-येते म्हणून तो दुप्पट धरायचा. अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये ०.९ अँपिअरला सुमारे ०.२ व्होल्ट तिथेच संपतात. ओटीजीसाठी केबल आखूड आणि जाड हवी ती एवढ्याचसाठी. पण बोटभर लांबीच्या दोन केबली तुम्ही वापरून झालात, तेव्हा तो मुद्दा संपला.

समजा पूर्ण चार्जवर डिस्क चालली. तरी प्रवासात तो मार्ग मला आवडत नाही. सलग वाचताना डिस्क ०.४ अँपिअर घेते असं धरलं तर बॅटरीवर २.३-२.४ वॅटचा भार, त्यात प्लेअरचा स्वतःचा अर्धा वॅट. २,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ७.४ वॅट-तास. अडीच तासांत कारभार आटोपला. शिवाय चार्जर लावावा म्हटलं तर एकुलता एक पोर्ट डिस्कने अडवलेला. होस्ट असताना चार्जही घेता येईल अशी तरतूद यूएसबीच्या बॅटरी चार्जिंगच्या नियमांत आहे. आयडी पिनेवर ठराविक रेझिस्टर, १२४ किलोओहमचा, लावून प्लेअरला तसं कळवता येतं. पण प्लेअरच्या चिपने तो रेझिस्टर वाचायला हवा, आणि मायक्रो यूएसबीच्या जमान्यातल्या फार थोड्या प्लेअरनी ते मनावर घेतलं. टाइप-सीवाल्या नव्या यंत्रांत हे बरंच सुरळीत झालंय.

मग उपाय एकच, डिस्कला वीज दुसरीकडून द्यायची आणि प्लेअरकडून फक्त डेटा घ्यायचा. हबचा प्रश्न इथे येतो.

ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, तो घेऊ नका. तो प्लेअरकडूनच वीज घेतो, थोडी स्वतः खातो आणि उरलेली वाटतो. नियमाप्रमाणे अशा हबच्या प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच मिळायचे असतात. तुमची अडचण त्याने वाढेल. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हे बरोबर उत्तर आहे, पण त्यालाही दोन अटी. पहिली, प्लेअरच्या फर्मवेअरला हब ही चीजच कळली पाहिजे. हब म्हणजे नुसता तारांचा सांधा नव्हे. ते स्वतंत्र यंत्र असतं, त्याला होस्टने ओळखावं लागतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरना ते सहसा जमतं. ज्यांचं फर्मवेअर बनवणाऱ्याने स्वतःपुरतं लिहिलंय, त्यातल्या कितीतरी जणांना एका पोर्टवर एकच यंत्र एवढंच माहीत असतं. हब विकत घेण्याआधी कोणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा, त्यावर तुमचा चालणारा पेनड्राइव्ह लावा आणि दिसतो का बघा. नाही दिसला तर हबचा विषय तिथेच मिटला, आणि कीबोर्ड-डॅक-डिस्क एकत्र चालवायचा बेतही.

दुसरी अट उलट्या विजेची. चांगला हब आपली वीज फक्त खालच्या, म्हणजे यंत्रं लावायच्या पोर्टना देतो. स्वस्त हबमध्ये ५ व्होल्टच्या सगळ्या तारा एकत्र जोडलेल्या असतात आणि तीच वीज वरच्या केबलमधून तुमच्या प्लेअरकडे उलटी येते. प्लेअर एकीकडे स्वतः ५ व्होल्ट बाहेर ढकलतोय, दुसरीकडून तेवढेच आत येतायत. कधी प्लेअर गोंधळून चार्जिंगच्या अवस्थेत जातो, कधी बूस्टर जळतो. माझ्या टेबलावर आलेल्या अशा एका प्लेअरचा बूस्टर इतका तापला होता की बोर्ड काळा पडला होता, आणि मालकाचं म्हणणं एकच, ‘फक्त हब लावला हो.’ तपासायला सोपं आहे. हबला त्याचा अडॅप्टर लावा, प्लेअरकडे जाणारं टोक मोकळं ठेवा आणि त्या प्लगच्या पॉवर आणि ग्राउंड पिनांवर मल्टिमीटर धरा. शून्याच्या आसपास आलं तर ठीक. ५ व्होल्ट आले तर तो हब कॉम्प्युटरलाच लावा, शक्यतो तिथेही नको.

हबऐवजी वाय केबलचा मार्ग पुष्कळ जण सुचवतील. एक टोक प्लेअरला, एक डिस्कला, तिसरं पॉवर बँकेला. चालतं, मीही वापरतो, पण बाजारातल्या बऱ्याच वाय केबलींत तोच उलट्या विजेचा दोष असतो. मी माझ्या केबलमध्ये प्लेअरकडे जाणारी लाल तार कापून टाकली आहे. डिस्क पूर्णपणे पॉवर बँकेवर, प्लेअरशी फक्त डेटाच्या दोन तारा आणि ग्राउंड. ग्राउंड सामाईक राहिलाच पाहिजे, तो कापू नका. सोल्डरिंगचा सराव नसेल तर या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा स्वतंत्र पॉवर जॅक असलेलं डिस्कचं बाहेरचं केसिंग घ्या, तो मार्ग सगळ्यात निर्धोक. पॉवर बँकेची एक खोड मात्र लक्षात असू द्या. प्रवाह फार कमी झाला की चार्जिंग संपलं असं समजून ती स्वतःला बंद करते. गाणं एकदा मेमरीत वाचून झालं की डिस्क झोपते, पॉवर बँक बंद होते, आणि पुढच्या गाण्याला डिस्क गायब. ‘मधूनच डिस्क जाते’ अशा तक्रारींत मी आता हे पहिल्यांदा विचारतो.

विजेचं जमलं की डिस्कचा आवाज एकसारखा, शांत येईल. तरीही प्लेअरने ‘फॉरमॅट समजत नाही’ असं काही म्हटलं, किंवा रिकामं फोल्डर दाखवलं, तर घाबरू नका. ही पुढची पायरी, आणि इथवर पोचलात हीच प्रगती.

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. तुमचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ आहे. १ टीबीची डिस्क कारखान्यातून सहसा एनटीएफएस किंवा एक्सफॅट होऊन येते. फॅट३२ जवळजवळ प्रत्येक प्लेअरला वाचता येतं. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं, पण त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला तो २०१९ मध्ये. तोवर परवान्याशिवाय ते वापरता येत नसे, म्हणून जुन्या प्लेअरमध्ये ते नसणं स्वाभाविक आहे. एक खूण सांगतो. तुमचा प्लेअर ३२ जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डं, म्हणजे एसडीएक्ससी, अधिकृतपणे घेत असेल तर त्याला एक्सफॅट येत असण्याची शक्यता चांगली, कारण त्या कार्डांचं ठरलेलं फॉरमॅटच एक्सफॅट आहे. एनटीएफएसची आशा अँड्रॉइडवाल्या काही प्लेअरवरच ठेवा, आणि तिथेही लिहिण्याची नको, वाचण्याची.

मग सगळी डिस्क फॅट३२ करावी का? करता येते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दाखवत नसे, म्हणून लोकांना वाटतं की ती मर्यादा फॅट३२ ची आहे. तशी ती नाही. दुसऱ्या साधनाने १ टीबीचंही फॅट३२ होतं. खरी मर्यादा फाइलच्या आकाराची, ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. गाण्यांना ती क्वचितच आडवी येते, मोठ्या व्हिडिओंना हमखास येते. दुसरा त्रास कमी लोकांना माहीत असतो. ३२ केबीचे क्लस्टर, म्हणजे जागेचे ठरलेले तुकडे, धरले तर १ टीबीमध्ये तीन कोटींहून जास्त क्लस्टर होतात, आणि प्रत्येकाची नोंद ४ बाइटची. म्हणजे नुसता नोंदींचा तक्ता १२० एमबीच्या घरात. मोकळी जागा मोजायला काही प्लेअर हा सगळा तक्ता वाचत बसतात. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने बारा सेकंद फक्त त्यात. लोक म्हणतात ‘अडकला’ आणि केबल उपटतात. पहिल्यांदा लावल्यावर अर्धा मिनिट हात बांधून बसा.

त्यापेक्षा डिस्कवर सुरुवातीलाच १००-२०० जीबीचं एक फॅट३२ पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करून बघा. सुरुवातीलाच, कारण बरेच प्लेअर पहिलंच पार्टिशन बघतात. आणि पार्टिशनचा तक्ता नव्या पद्धतीचा जीपीटी नको, जुन्या पद्धतीचा एमबीआर ठेवा. जुन्या फर्मवेअरला जीपीटी वाचता येत नाही आणि तो पूर्ण डिस्क कोरी समजतो. २ टीबीच्या खाली एमबीआरने काही अडत नाही. हे करताना डिस्क पुसली जाणार, तेव्हा आतलं आधी दुसरीकडे हलवा. सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः एकदा दुसऱ्या खिडकीत चुकीची डिस्क निवडलेली आहे.

फाइलींची नावं देवनागरीत असली तर त्यामुळे डिस्क वाचायची राहणार नाही. लांब नावं युनिकोडमध्येच साठवली जातात. प्लेअरमध्ये देवनागरी फाँट नसेल तर चौकोन दिसतील, गाणी वाजतील.

डिस्क दिसली की प्लेअर लगेच ‘लायब्ररी अपडेट’ सुरू करायला बघेल. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि फोल्डरनेच गाणी शोधा. हजारो फाइलींचे टॅग वाचताना डिस्क अर्धा तास फिरत राहते, लहान मेमरीचा प्लेअर मध्येच मान टाकतो. शिवाय पुष्कळ प्लेअर आपली यादी त्या डिस्कवरच लपवलेल्या फोल्डरमध्ये लिहितात. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण फक्त ऐकतोय, पण डिस्कवर लिहिलं जात असतं. अशा वेळी केबल ओढली तर फॅट३२ मध्ये सावरण्याची काही सोय नसते, अर्धवट लिहिलेला तक्ता तसाच राहतो. माझा एक पूर्ण फोल्डर असाच गेला होता. फाइली नंतर मिळाल्या, नावं मात्र गेली, आणि तीनशे ट्रॅक ऐकून ओळखत बसावं लागलं. मेनूत ‘सुरक्षितपणे काढा’ असेल तर तेच वापरा.

कीबोर्ड: अँड्रॉइडवाल्या प्लेअरवर चालेल, बाकीच्यांवर धरून चालू नका. वीज नगण्य लागते. दिव्यांचा झगमगाट असलेला कीबोर्ड मात्र नको.

डॅकबद्दल थोडं जास्त. डॅक ही स्टोरेजपेक्षा निराळी जात, फर्मवेअरमध्ये तिची सोय वेगळी करावी लागते, तेव्हा पेनड्राइव्ह चालतो म्हणून डॅक चालेल असं नाही. अँड्रॉइडने यूएसबी होस्टची सोय २०११ मध्ये ३.१ आवृत्तीत दिली, पण बाहेरच्या डॅकमधून आवाज काढणं सरसकट जमू लागलं ते २०१४ च्या ५.० पासून. यूएसबी ऑडिओच्या दोन पिढ्या आहेत. पहिलीतली यंत्रं दर मिलिसेकंदाला एक पाकीट पाठवतात, त्यात जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टीरिओला मिलिसेकंदाला ५७६ बाइट लागतात, ते सहज बसतं. १९२ किलोहर्ट्झला १,१५२ लागतात, ते बसत नाही. तुमच्या प्लेअरला पहिली पिढीच येत असेल आणि डॅक फक्त दुसरीचा असेल तर काहीच वाजणार नाही. काही डॅकवर पिढी बदलायचं बटण असतं, ते असलेला निवडा. स्वतःची बॅटरी असलेला असेल तर आणखी उत्तम. आणि डॅक पहिल्यांदा लावताना इअरफोन कानात घालू नका. प्लेअरचा आवाज कमी केलेला असला तरी तो बाहेरच्या डॅकला लागू होईलच असं नाही, कित्येकदा पहिलाच सूर पूर्ण जोराने येतो.

फोन किंवा कॅमेरा लावायचा विचार मनात आला असेल तर तोही आत्ताच बाजूला ठेवा. ते आज एमटीपी किंवा पीटीपी या फाइली देण्याघेण्याच्या वेगळ्या पद्धतींनी बोलतात, पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणं जास्त भरवशाचं. अनेक खाचांच्या रीडरऐवजी एकाच खाचेचा घ्या, कारण काही प्लेअर पहिलीच खाच बघतात आणि तुमचं कार्ड नेमकं तिसऱ्या खाचेत असतं.

मला स्वतःला विचाराल तर फिरती डिस्क प्रवासात प्लेअरला लावूच नये. हलत्या गाडीत फिरणारी चकती, लोंबणारी केबल, सोबत पॉवर बँक, मग प्लेअर खिशात मावतो याचा फायदा काय उरला? १२८ किंवा २५६ जीबीचा पेनड्राइव्ह किंवा कार्ड घ्या, महिनाभर पुरेल एवढं त्यावर भरा आणि १ टीबीची डिस्क कॉम्प्युटरपाशी साठवण म्हणून ठेवा. एसएसडी हा मधला मार्ग. तिला चकती फिरवायची नसते आणि नुसतं वाचताना ती सहसा कमी खाते, पण भराभर लिहिताना तिचीही भूक एकदम वाढते, तेव्हा त्यावर लिहायचं काम कॉम्प्युटरवरच उरका.

तरीही हीच डिस्क चालवायची असेल तर जोडण्याचा क्रम सांभाळा. आधी डिस्कला तिची वीज द्या. दहा सेकंद थांबा, चकतीचा आवाज एकसारखा होऊ द्या. प्लेअर सुरू होऊन मुख्य मेनूवर आलेला असू द्या. मग ओटीजीचं टोक प्लेअरमध्ये घाला. काढताना आधी प्लेअरच्या मेनूतून डिस्क मोकळी करा, मग ओटीजी, वीज सगळ्यात शेवटी. एवढं करूनही नाही दिसली तर डिस्कच्या लेबलवरचा अँपिअरचा आकडा, पार्टिशनचा प्रकार आणि नेमका कोणत्या क्षणी प्लेअर रिस्टार्ट होतो ते कळवा. दिवा लागल्याबरोबर होतो की फोल्डर उघडताना, यावर पुढचं उत्तर ठरेल.